आजचं चिंतन : गीता १८.६६ मधला ‘मा’



‘सगळं सोडून मला एकट्याला शरण ये’ यावर आपण बरेचदा बोललोय. आज या श्लोकाचे फक्त शेवटचे दोन शब्द घेऊ : मा शुचः.

शाळेत पाठ करताना मला हा ‘मा’ म्हणजे आई वाटायचा. अगदीच वेडेपणा नव्हता तो. गुजराती, बंगालीत मा म्हणजे आईच. चिनीत सूर बदलला की तोच उच्चार आई, घोडा किंवा चक्क रागावणं होतो. फारसीत मा म्हणजे ‘आम्ही’, अरबीत ‘काय’ आणि कधी ‘नाही’. संस्कृतातसुद्धा मा म्हणजे लक्ष्मी, म्हणून तिचा पती माधव. पण इथे अर्थ आहे ‘नको’.

मग सरळ ‘न’ का नाही? कारण ‘न’ वस्तुस्थिती सांगतो. आत्मा जन्मत नाही, मरत नाही, जळत नाही. दुसऱ्या अध्यायात हे ‘न’ भरपूर आहेत. ‘मा’ मात्र समोरच्या माणसाला थांबवतो. २.४७ मध्ये तो तीनदा येतो. विश्वरूप बघून अर्जुन घाबरतो तेव्हा ११.४९ मध्ये दोनदा. १६.५ मध्येही हेच ‘मा शुचः’ आहे.

कोडवाल्यांसाठी एक गंमत. संस्कृतात भूतकाळी क्रियापदाला आधी ‘अ’ लागतो. अशुचः, म्हणजे तू शोक केलास. ‘मा’ आला की पाणिनीच्या नियमाने (६.४.७४) तो ‘अ’ गळतो आणि उरतं : शोक करू नकोस. अर्जुनाने तर शोक केलेलाच होता!

गेल्या वर्षी माझी नोकरी गेली. ‘मार्केटच खराब आहे’, ‘तुझी चूक नाही’ असं सगळे म्हणाले. खरंच होतं ते, पण झोप काही येत नव्हती. आई कुडाळची. ती रोज रात्री फोनवर एवढंच विचारायची, “जेवलस मा?” मालवणीतला हा मा म्हणजे आपला ‘ना?’. गीतेतल्या ‘मा’शी त्याचं नातं उगाच जोडत नाही. पण माहिती देणं वेगळं आणि माणसाशी बोलणं वेगळं, हे मला तिच्या फोनमुळे कळलं. कृष्णानेही आधी सगळं ज्ञान सांगितलं, तरी शेवटी ‘मा शुचः’ म्हणावंच लागलं.

आज श्लोक म्हणताना ‘मा’पाशी जरा थांबून बघा. उद्या १८.६७.

राम कृष्ण हरी.