मुशी, पाकट आणि किनाऱ्यावरचे नियम

लेकरांनो, आपल्या धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. तेरणा आणि मांजरा यांचे पाणी गोदावरीला जाते, सीना आणि बोरी यांचे पाणी भीमेतून कृष्णेला जाते. मग शार्क माशाचा धडा आपल्या भिंतीवर कशाला, असे तुम्ही विचाराल. त्याला दोन कारणे आहेत. एक, हिवाळ्यात शाळांच्या सहली कोकणात जातात आणि आपल्याकडची कितीतरी मुले तिथे पहिल्यांदाच समुद्रात पाय घालतात. दुसरे, मासे धरण्याचे जे नियम किनाऱ्यावर लागतात, त्यांतले बरेचसे आपल्या गावच्या तलावावरही लागतात. म्हणून हा धडा नीट वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्या धाकट्यांना वाचून दाखवा.

शार्क म्हणजे कोण?

शार्कला कोकणात मुशी म्हणतात. लहान जातीच्या मुशीला मोरी म्हणतात. मोरीचे कालवण तिकडे आवडीने खातात.

आपण बाजारात पाहतो त्या रोहू-कटल्याच्या अंगात काटे असतात, म्हणजे हाडे असतात. मुशीच्या अंगात एकही हाड नसते. तिचा सांगाडा कूर्चेचा असतो. कूर्चा म्हणजे काय? आपल्या कानाचा वरचा भाग चिमटीत धरून वाकवून पहा. वाकतो, पण मोडत नाही. तीच कूर्चा. रोहूच्या कल्ल्यावर झाकण असते, मुशीच्या मानेजवळ बहुधा पाच उघड्या चिरा असतात. तिच्या कातडीवरून उलटा हात फिरवला तर काचकागदासारखी खरखर लागते. तिचे दात पडले की मागच्या रांगेतले दात पुढे येतात.

पाकट हा मुशीचा चुलतभाऊ. त्याचाही सांगाडा कूर्चेचा. तो भाकरीसारखा चपटा असतो, वाळूत अंग पुरून पडून राहतो आणि त्याची शेपटी चाबकासारखी लांब असते. शेपटीवर विषारी काटा असतो. पाकट आपणहून कोणाच्या मागे लागत नाही. अंगावर पाय पडला की मात्र काटा मारतो.

आता थोडे गणित

रोहूची मादी वजनाच्या किलोमागे साधारण दोन लाख अंडी घालते. म्हणजे तीन किलोच्या मादीची अंडी किती? सहा लाख. त्यातली बहुतेक वाया गेली तरी पुढच्या वर्षी तलावात मासे दिसतात.

बुल शार्क नावाची एक मोठी मुशी आहे. ती अंडी घालत नाही, पिल्ले देते. पिल्ले दहा-अकरा महिने पोटात वाढतात आणि एका वेळी फार तर डझनभर होतात. ती पिल्ले स्वतः पिल्ले देण्याजोगी व्हायला कितीतरी वर्षे लागतात.

म्हणून मी वर्गात सांगतो, रोहू म्हणजे ज्वारी आणि मुशी म्हणजे चिंच. ज्वारी यंदा कापली तर पुढच्या हंगामात पुन्हा उभी राहते. आजोबाने लावलेली चिंच तोडली तर नातवाला सावलीसाठी वाट पाहत बसावे लागते.

जगातल्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली हिशेब मांडला. १९७० ते २०१८ या काळात खुल्या महासागरातील मुशी आणि पाकट ७१ टक्क्यांनी घटले. शंभर होते तिथे एकोणतीस राहिले. मुख्य कारण म्हणजे बेसुमार मासेमारी. काही देशांत मुशीच्या परांचे सूप करतात. त्या परांसाठी मुशी धरायची, पर कापायचे आणि धड समुद्रात फेकून द्यायचे, असा क्रूर धंदा चालत असे. आपल्या सरकारने २०१३ मध्ये पर वेगळे कापून आणायला मनाई केली आणि २०१५ मध्ये परांची निर्यात बंद केली.

कायदा काय सांगतो?

भारताचा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. वाघ-हरणांसाठी असलेल्या या कायद्यात २००१ साली एक मासा आला. तो व्हेल शार्क. हा जगातला सर्वांत मोठा मासा, आपल्या एस.टी. गाडीपेक्षाही लांब वाढू शकणारा. पण खातो काय? पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. माणसाला त्याच्यापासून काही भय नाही. करवतीसारखे लांब तोंड असलेला करवत मासाही याच यादीत आहे. अशा पूर्ण संरक्षण दिलेल्या प्राण्याला मारले तर तीन ते सात वर्षे कैद आणि कमीत कमी २५,००० रुपये दंड होऊ शकतो. कायद्याची ही सुधारणा २०२२ सालची असून ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली.

सगळ्याच मुशी धरायला बंदी आहे असे मात्र समजू नका. मोरी धरता येते, विकता येते. त्यासाठी दुसरे नियम आहेत. महाराष्ट्राचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१ चा आहे. कोणत्या नौकेने, कोणत्या जाळ्याने, कुठे मासे धरायचे हे त्याने ठरते. पावसाळ्यात, साधारण १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. हा बऱ्याच माशांचा विणीचा काळ, शिवाय समुद्रही खवळलेला. एकाच नियमात माशाचाही जीव वाचतो आणि कोळ्याचाही.

हा भाग शिकवताना एका मुलाने विचारले, "गुरुजी, व्हेल शार्क जाळ्यात अडकला अन् कोळ्यानं जाळं कापून सोडला, तर त्या कोळ्यानं खायचं काय?" प्रश्न अगदी बरोबर आहे. जाळे म्हणजे कोळ्याचे शेत. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०१८ पासून अशी योजना केली की, संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळे कापावे लागले तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळावी. जाळ्याचे नुकसान त्यातून काहीसे भरून निघते. त्या दिवशी गेलेली मासळी मात्र परत येत नाही. तरीही कोळी जाळे कापतात आणि मासा सोडतात. आपण त्यांचे ऋण मानले पाहिजे.

रापण आणि आपली सहल

मी सहलीबरोबर मालवणकडे गेलो होतो तेव्हा रापण पाहिली. होडीतून मोठे जाळे समुद्रात अर्धगोल टाकतात. त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात. माणसांच्या दोन रांगा ते दोर ओढत ओढत जाळे वाळूवर आणतात. हा सार्वजनिक किनारा, त्यामुळे बघे भरपूर. आमची पोरंही धावली दोराला हात लावायला. तेव्हा एक म्हातारे रापणकर ओरडले, "गुरुजी, पोरांका मागे घेवा. जाळ्यात पाकट आसा."

आम्ही मागे सरलो. जाळे वर आले तेव्हा बांगडे, लहान मोरी आणि खरेच एक पाकट त्यात होते. त्या म्हाताऱ्यांनी पाकटाला हात न लावता लाकडाने बाजूला केले. त्यांनी कायद्याचे पुस्तक वाचले असेल नसेल, पण नियम त्यांच्या हाताला ठाऊक होता.

असे प्रसंग मोठ्या शहरातही घडतात. १० सप्टेंबर २०१३ रोजी मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर गणपती विसर्जनाला लोक पाण्यात उतरले. त्या दिवशी उथळ पाण्यात पाकट आले होते. पन्नासहून अधिक लोकांना काटे लागले आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणा नदीच्या खाडीत एका तरुणाच्या पायाला शार्कने चावा घेतला. तो जबर जखमी झाला. समुद्रापासून आत, खाडीच्या पाण्यात शार्क कसा आला? तो बुल शार्क असल्याचे सांगितले गेले. ही जात खाऱ्या पाण्यातून गोड्या पाण्यातही जाऊ शकते.

हे ऐकून तुम्ही लगेच विचाराल, मग आपल्या तेरणेत शार्क येईल काय? नाही येणार. आपले पाणी समुद्राला मिळते ते शेकडो मैल दूर, बंगालच्या उपसागरात. वाटेत मांजरेवर निजामसागर, कृष्णेवर श्रीशैलम आणि नागार्जुनसागर अशी मोठमोठी धरणे आहेत. तेव्हा निर्धास्त असा.

परदेशातला एक नियम

अमेरिकेत फ्लोरिडा नावाचे राज्य आहे. तिथे हौसे लोक किनाऱ्यावर उभे राहून मोठ्या गळाने शार्क धरतात. शेजारीच लोक पोहत असतात. म्हणून १ जुलै २०१९ पासून तिथे नवे नियम आले. किनाऱ्यावरून शार्क धरायचा तर आधी एक पाठ शिकावा लागतो आणि परवाना घ्यावा लागतो. किनाऱ्यावरून रक्तमांसाचा चारा पाण्यात टाकून शार्कला जवळ बोलावण्यास बंदी आहे. कारण उघड आहे. चाऱ्याला आलेला शार्क चारा कुठला आणि पोहणाऱ्याचा पाय कुठला, हे पाहत बसत नाही. संरक्षित जातीचा शार्क गळाला लागला तर त्याला वाळूवर ओढायचे नाही. पाण्यातच ठेवून दोरी कापून सोडायचे. पाण्याबाहेर मुशीला श्वास घेता येत नाही, शिवाय पाण्याचा आधार सुटल्यावर तिच्या स्वतःच्याच वजनाने आतले अवयव दबतात. फोटो काढण्यासाठी दोन मिनिटे थांबवलेली मुशी सोडल्यावरही मरू शकते.

पाहिलेत ना? मालवणचे म्हातारे रापणकर आणि फ्लोरिडाचे सरकार, दोघांचे सांगणे एकच. ज्या पाण्यात माणसे उतरतात, तिथे मासे धरणाऱ्याने इतरांचा विचार आधी करावा.

भ्यायचे कशाला?

जगभरात वर्षाला मुशीने आपणहून चावा घेतल्याच्या साधारण साठ-सत्तर घटना नोंदल्या जातात. त्यांत मरण पावणारे अगदी थोडे. आता दुसरा आकडा पहा. जगात दरवर्षी सुमारे तीन लाख माणसे पाण्यात बुडून मरतात, आणि त्यांत लहान मुले फार. म्हणजे भ्यायचे मुशीला नाही, भ्यायचे ते न समजलेल्या खोल पाण्याला. हा धोका कोकणात आहे तसा आपल्या गावातही आहे. शेततळ्याला प्लॅस्टिकचा कागद असतो. त्यावरून पाय घसरला की वर येता येत नाही. तलावातली माती काढलेले खड्डे वरून दिसत नाहीत. गळ टाकायला गेलेले पोर तोल जाऊन पडले, तर दुसरे पोर त्याला काढायला उडी मारते, आणि मग दोघेही जातात. ही गोष्ट मला तुम्हाला सगळ्यांत जास्त सांगायची आहे.

हे नियम पाठ करा

१. समुद्रात गुडघ्याच्या वर पाणी येईल इतके आत जाऊ नका. गुरुजी-बाई बरोबर नसतील तर पाण्यात पायच घालू नका.

२. जिथे जाळे ओढत असतील, गळ टाकले असतील किंवा मासळी धुवत असतील, तिथे आंघोळीला उतरू नका. खाडीच्या मुखाशी, गढूळ पाण्यात आणि अंधार पडल्यावरही नको.

३. वाळूच्या उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत घासत चाला. पाकटाला चाहूल लागते आणि ते निघून जाते.

४. काटा लागलाच तर जखम स्वच्छ पाण्याने धुवा. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि ताबडतोब दवाखान्यात जा. खोल रुतलेला काटा घरी ओढून काढू नका.

५. वाळूवर पडलेल्या माशाला, मेलेला वाटला तरी, हात लावू नका.

६. गावच्या तलावाचा मासेमारीचा ठेका दिलेला असेल तर विचारल्याशिवाय गळ टाकू नका. तिथे मत्स्यबीज सोडायला कोणाचा तरी पैसा लागलेला असतो.

७. गळ आणि तुटलेले जाळे काठावर टाकून येऊ नका. त्यात बगळे, कासवे आणि शेळ्यांचे पाय अडकतात.

८. कोणी बुडत असेल तर उडी मारू नका. मोठ्याने ओरडा. दोर, लांब काठी, फेटा, साडी, रिकामा डबा, जे हाताशी असेल ते त्याच्याकडे फेका.

स्वाध्याय

१. मुशीला चिंचेची आणि रोहूला ज्वारीची उपमा का दिली आहे?

२. चार किलोच्या रोहूची मादी साधारण किती अंडी घालेल?

३. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीने कोणाकोणाचे भले होते?

४. जाळे कापून व्हेल शार्क सोडणाऱ्या कोळ्याला आणखी कोणती मदत मिळावी, असे तुम्हाला वाटते? पाच ओळी लिहा.

उपक्रम : आपल्या गावात पाण्याच्या धोक्याच्या जागा कोणत्या? विहीर, शेततळे, तलाव, बंधारा अशी यादी करा. घरातल्या मोठ्या माणसांना विचारून प्रत्येक जागेपुढे तिथला धोका लिहा. सर्वांच्या याद्या आल्या की त्यांचा एक नकाशा करून आपण याच भिंतीवर लावू.