टायमर ड्रायव्हर तपासताना

कर्नलमधला हार्डवेअर टायमरचा ड्रायव्हर दोन कामे करतो: किती वेळ लोटला ते सांगणे आणि ठरल्या क्षणी इंटरप्ट देऊन प्रोसेसरला उठवणे. लिनक्समध्ये पहिले काम करणाऱ्याला क्लॉकसोर्स म्हणतात, दुसरे करणाऱ्याला क्लॉक इव्हेंट डिव्हाइस. एकच टायमर दोन्ही कामे करू शकतो आणि असा ड्रायव्हर बहुधा दोन-तीनशे ओळींत आटोपतो. रिव्ह्यू करणारा फसतो तो या आटोपशीरपणामुळेच. फाइल छोटी, रचना ओळखीची, सोबत बोर्ड बूट झाल्याचा लॉग. मग मोकळ्या जागा आणि नावे यांवर चार सूचना करून पॅच पुढे ढकलला जातो. बोर्ड बूट झाला याचा अर्थ एवढाच, की टायमर पहिली काही सेकंदे नीट चालला. त्यातले दोष काही मिनिटांनी वर येतात, कधी बोर्ड ग्राहकाकडे पोचल्यावर महिन्यांनी.

म्हणून कोड उघडण्याआधी चिपचे मॅन्युअल उघडावे. काउंटर किती बिटांचा आहे, वर मोजतो की खाली, त्याला घड्याळ कुठून मिळते, प्रोसेसर गाढ झोपेत गेल्यावर ते घड्याळ चालू राहते का, आणि तुलना करणारे रजिस्टर फक्त बरोबरी झाल्यावर इंटरप्ट देते की आकडा ओलांडून गेल्यावरही देते, हे आधी कागदावर मांडावे. यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि मॅन्युअलमध्ये त्याचे उत्तर बहुतेक वेळा एका तिरकस वाक्यात दडलेले असते.

काउंटरची लांबी कळली की तो किती वेळात भरून पुन्हा शून्यावर येतो ते काढता येते. 24 मेगाहर्ट्झवर चालणारा 32 बिटांचा काउंटर सुमारे 179 सेकंदांत फिरतो. 100 मेगाहर्ट्झवर तोच 43 सेकंदांत. 32,768 हर्ट्झवरचा 16 बिटांचा काउंटर तर दर दोन सेकंदांनी शून्यावर येतो. क्लॉकसोर्सचा मास्क या लांबीशी तंतोतंत जुळला पाहिजे, नाहीतर पहिल्याच फेरीनंतर वजाबाकीचा हिशेब कोलमडतो. खाली मोजणाऱ्या काउंटरचा आकडा उलटा करून द्यावा लागतो. त्यासाठी कर्नलमध्ये तयार फंक्शन आहे, ते सोडून स्वतःचे लिहिलेले दिसले तर कारण विचारावे. फेरी पूर्ण होईपर्यंत चाचणी चालवली का, हेही विचारावे. लिनक्सचा स्वतःचा जिफीज काउंटर मुद्दाम अशा आकड्यावरून सुरू होतो, की बूटनंतर पाचच मिनिटांत त्याचे 32 बिट भरून उलटतात. फेरीचे दोष लवकर उघडे पडावेत हाच त्यामागचा हेतू. टायमरच्या काउंटरमध्ये आकडा भरता येत असेल, तर चाचणीपुरती हीच युक्ती लेखकाला वापरायला सांगावी.

64 बिटांचा काउंटर 32 बिटांच्या दोन वाचनांत वाचला जात असेल तर वरचा भाग, खालचा भाग, पुन्हा वरचा भाग असा क्रम असायला हवा; वरचा भाग दरम्यान बदलला असेल तर वाचन पुन्हा करायचे. हे न केल्यास क्वचित एखाद्या वाचनात वेळ तब्बल 2 चा 32वा घात इतक्या ठोक्यांनी उडी मारते. आणि ड्रायव्हर चोख असूनही हार्डवेअर दगा देऊ शकते. ऑलविनर ए64 या चिपवर घड्याळ अधूनमधून 95 वर्षे पुढे जात असे. 24 मेगाहर्ट्झवर 2 चा 56वा घात इतके ठोके पडायला साधारण तेवढीच वर्षे लागतात, म्हणजे प्रत्यक्षात काउंटर किंचित मागे सरकत होता आणि कर्नल त्याचा अर्थ पूर्ण फेरी झाली असा लावत होता. खालचे काही बिट सगळे शून्य किंवा सगळे एक दिसले तर आकडा पुन्हा वाचायचा, असा तोडगा 2019 मध्ये कर्नलमध्ये आला. तेव्हा चिपची एराटा यादीही मॅन्युअलइतकीच बारकाईने वाचावी.

पुढचा इव्हेंट लावणाऱ्या फंक्शनपाशी मात्र खरे घोडे पेंड खाते. समजा काउंटर 5,000 वर आहे आणि कर्नलला 20 ठोक्यांनी इंटरप्ट हवा आहे. ड्रायव्हर 5,000 वाचतो, 20 मिळवतो आणि तुलनेच्या रजिस्टरमध्ये 5,020 लिहितो. तेवढ्यात बस अडली, किंवा हायपरव्हायजरने प्रोसेसर काढून घेतला, आणि आकडा रजिस्टरमध्ये पोचेपर्यंत काउंटर 5,023 वर गेला. केवळ बरोबरी पाहणारे हार्डवेअर आता पूर्ण फेरी होईपर्यंत गप्प बसते. 24 मेगाहर्ट्झवर म्हणजे जवळपास तीन मिनिटे. बोर्ड गोठल्यासारखा वाटतो, कुणी कीबोर्डला हात लावला की त्या दुसऱ्या इंटरप्टने चालू होतो, आणि तक्रार नोंदवणाऱ्याला हे पुन्हा करून दाखवता येत नाही. पीसीवरच्या एचपीईटी टायमरची तुलना अशीच बरोबरीवर चालते. शिवाय काही चिपसेटवर लिहिलेला आकडा प्रत्यक्षात लागू व्हायला दोन ठोक्यांपर्यंत उशीर होतो. लिनक्सच्या एचपीईटी कोडमध्ये याबद्दल चांगलीच वैतागलेली, लांबलचक टिप्पणी आहे. टायमर ड्रायव्हर तपासणाऱ्याने ती एकदा तरी वाचावी.

उपाय साधा आहे. आकडा लिहिल्यावर काउंटर पुन्हा वाचायचा आणि ठरलेला क्षण उलटून गेला असेल तर ‘ई-टाइम’ ही चूक परत करायची. मग कर्नल थोडे अधिक अंतर घेऊन पुन्हा प्रयत्न करतो. तपासताना तुलना कशी लिहिली आहे तेही पाहावे. दोन आकडे सरळ ताडले असतील तर फेरीच्या तोंडावर उत्तर उलटे येते. वजाबाकी करून तिचे चिन्ह पाहणे हीच बरोबर पद्धत. किमान अंतर म्हणून नोंदलेला आकडा बहुतेकदा दुसऱ्या ड्रायव्हरमधून जसाच्या तसा उचललेला असतो. तो कुठून आला हे विचारले की निम्म्या वेळा समोरून नुसते मौन येते. ठरावीक आकडा भरून शून्यापर्यंत खाली मोजणाऱ्या टायमरला मात्र ही शर्यत लागू होत नाही.

इंटरप्ट हँडलरमधला धोका दोन ओळींच्या क्रमात असतो. हँडलरने आधी हार्डवेअरचा स्टेटस बिट पुसावा आणि मगच कर्नलचे इव्हेंट फंक्शन बोलवावे. एकदाच वाजणाऱ्या पद्धतीत त्या फंक्शनच्या पोटातच पुढचा इव्हेंट लावला जातो. तो अगदी जवळचा असेल आणि बाहेर येईपर्यंत वाजून गेला असेल, तर नंतर बिट पुसताना नव्या इव्हेंटची खूणही पुसली जाते. यानंतर कर्नल न येणाऱ्या इंटरप्टची वाट पाहत राहतो. पूर्वी ठरावीक अंतराने टिक येत असे, त्यामुळे एखादा हुकला तरी पुढचा सांभाळून घेई. 2007 मधल्या 2.6.21 आवृत्तीपासून टिकविना चालण्याची सोय आली आणि तो आधार गेला. हा उलटलेला क्रम चेकपॅचला दिसत नाही, कंपायलरलाही नाही. तो डोळ्यांनीच पकडावा लागतो.

लॉक असेल तर तो रॉ स्पिनलॉक असावा. 2024 मधल्या 6.12 आवृत्तीत रिअल-टाइम कर्नल मुख्य शाखेत आला. त्यात साधा स्पिनलॉक झोपू शकतो आणि टायमरच्या वाटेवर झोपणे परवडत नाही. शेड्युलरला वेळ पुरवणाऱ्या वाचन-फंक्शनवर ‘नो-ट्रेस’ची खूण हवी, कारण ट्रेसर स्वतःच वेळेसाठी त्याला बोलावतो आणि खूण नसेल तर तो स्वतःच्याच मागे फिरत बसतो. गाढ झोपेत थांबणाऱ्या टायमरने तसे सांगणारा सी3-स्टॉप फ्लॅग लावलेला असावा. फ्रीक्वेन्सी कोडमध्ये कोरलेली नसावी. ती क्लॉक फ्रेमवर्ककडून घ्यावी आणि सुरुवातीचे एखादे पाऊल चुकले तर आधी चालू केलेले सारे उलट क्रमाने बंद व्हावे. डिव्हाइस ट्रीमध्ये हार्डवेअर काय आहे एवढेच लिहायचे असते. ‘लिनक्सने हा टायमर मोजण्यासाठी वापरावा’ अशी सूचना तिथे घुसडलेली दिसली तर पॅच परत पाठवावा. यावर वाद घालणारे लेखक नेहमी भेटतात, पण नियम स्पष्ट आहे.

चाचणीबद्दल विचारताना ‘टेस्ट केले’ एवढ्यावर भागवू नये. कर्नलच्या सेल्फटेस्टमध्ये टायमरसाठी वेगळा संच आहे. त्यातली वेळ मागे जाते का हे पाहणारी चाचणी काउंटरच्या अनेक फेऱ्या होईपर्यंत चालवावी. सायक्लिकटेस्ट लोड देऊनही चालवावी आणि बोर्ड रिकामा ठेवूनही, कारण झोपेशी निगडित दोष रिकाम्या बोर्डावरच दिसतात. एकेक कोअर बंद करून पुन्हा चालू करावा, सिस्टीम सस्पेंड करून उठवावी आणि प्रत्येक वेळी टायमर-लिस्ट फाइलमध्ये पुढचा इव्हेंट भूतकाळात अडकलेला नाही ना ते पाहावे. काउंटरची लांबी, फ्रीक्वेन्सी, किमान अंतराच्या आकड्याचे कारण आणि या चाचण्या किती वेळ चालल्या, हे लेखकाकडून कमिट मेसेजमध्येच लिहून घ्यावे.