अडकलेला क्रॉस कसा काढावा?

जवाहर चौकातून मालाने भरलेली पिकअप जाताना आपण पाहतो. गिअरबॉक्सची शक्ती मागच्या चाकांपर्यंत एक लांब शाफ्ट नेतो. खड्ड्यांत चाके वर-खाली होतात, तसा शाफ्टचा कोन बदलतो. हा बदल सांभाळणारा सांधा म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट. मिस्त्री त्याला ‘क्रॉस’ म्हणतात. इटलीच्या कार्दानो (१५०१–१५७६) यांच्या नावावरून ‘कार्डन जॉइंट’ हे नावही पडले.

अधिक चिन्हासारख्या तुकड्याच्या चार टोकांवर वाट्या असतात व वाट्यांत सुईसारखे रोलर. ग्रीस संपून पाणी शिरले, की गंजामुळे वाटी योकमध्ये घट्ट बसते.

काढण्याचा क्रम :

१) चाकांना ठोकळे लावा. शाफ्ट सुटल्यावर गिअर गाडीला धरून ठेवत नाही.

२) सुटणाऱ्या भागांवर खुणा करा. ते चुकीचे जोडले तर गाडी हादरते.

३) चारही सर्कलिप काढा. त्या राहिल्या आणि जोर लावला, तर योक वाकतो.

४) गंज सोडवणारे तेल टाकून थांबा. मग बेंच व्हाइसमध्ये एका बाजूस वाटीहून लहान सॉकेट, दुसऱ्या बाजूस मोठे सॉकेट ठेवून आवळा.

५) तरीही हलले नाही तर तेल पुसून योक तापवावा. ३० मिमीचे पोलादी छिद्र १०० अंशांनी तापले, की सुमारे ०.०३६ मिमी मोठे होते. एवढेही पुरते! हे काम मात्र जाणत्या मिस्त्रीनेच, चष्मा लावून करावे.

विचार करा : दुसरे सॉकेट मोठेच का हवे?