तलंग अंड्यावर केव्हा येते?



उसाच्या लागणीच्या, खोडव्याच्या बैठकीसाठी आम्ही गटागटातून फिरतो, तेव्हा ऊस सोडूनही पुष्कळ प्रश्न निघतात. त्यातला घरच्या बायाबापड्यांकडून हमखास येणारा प्रश्न असा : "साहेब, तलंगा पाच महिन्यांच्या झाल्या, दिसायला कोंबडीएवढ्या झाल्या, पण अजून अंड्याचा पत्ता नाही. ठेवाव्या का विकून टाकाव्या?" पुष्कळ घरी याचे उत्तर बाजाराच्या दिवशी पाय बांधून दिले जाते. पाच महिने दाणा घातलेली तलंग मटणाच्या भावाने जाते आणि घेणाऱ्याच्या दारात पंधरा दिवसांत अंडी देऊ लागते. आडसाली ऊस बाराव्या महिन्यात तोडून टाकावा, तसाच हा प्रकार आहे. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

जातीप्रमाणे वय

सगळ्या कोंबड्या एकाच वयात अंड्यावर येत नाहीत. साधारण हिशेब असा धरावा :

१) पोल्ट्रीतील अंड्यांच्या संकरित जाती : १८ ते २० आठवडे.
२) ऱ्होड आयलंड रेड व तिच्यापासूनचे संकर : २० ते २४ आठवडे.
३) परसासाठी हैदराबादच्या केंद्रीय संशोधन संस्थेत तयार झालेल्या ग्रामप्रिया, वनराजा : सुमारे २३ ते २६ आठवडे.
४) आपली गावठी : ६ ते ७ महिने. नुसत्या चरण्यावर असेल तर त्याहूनही उशीर होतो.

म्हणजे शेजारच्या शेडमधील पांढरी कोंबडी पाचव्या महिन्यात अंडे देते म्हणून आपल्या गावठी तलंगेला वांझ ठरवू नये. पिले कोणत्या जातीची आहेत आणि कोणत्या तारखेला निघाली, हे कॅलेंडरवर लिहून ठेवावे. उसाच्या लागणीची तारीख आपण जपून ठेवतो, तशीच ही ठेवावी. अंदाजाने सांगितलेल्या वयात महिनाभराचा फरक सहज पडतो.

खुणा पहा

वयापेक्षाही अंगावरच्या खुणा खऱ्या बोलतात. उसाला तुरा आला की आपली वाढ थांबली म्हणून आपण कपाळाला हात लावतो. तलंगेचा तुरा मात्र शुभ समजावा. फिकट, आखूड तुरा वाढून लालभडक व टवटवीत झाला, गळ्याखालचे कल्ले लाल झाले, की दिवस जवळ आले. त्याच सुमारास ती आडोसा शोधते, कोपऱ्यात पाचट उकरून बसून पाहते, वेगळा आवाज करते. पाठीवर हात ठेवताच पंख थोडे पसरून खाली बसते. ही खूण दिसली की बहुधा आठ-पंधरा दिवसांत पहिले अंडे मिळते.

शंका असेल तर संध्याकाळी तलंग हातात घेऊन पोटाच्या मागच्या बाजूची, गुदद्वाराच्या दोन बाजूंची टोकदार हाडे चाचपावी. त्यांत जेमतेम एक बोट मावत असेल तर वेळ आहे. दोन-तीन बोटे मावत असतील, द्वार रुंद व ओलसर असेल, तर ती अंड्यावर आली आहे किंवा येण्याच्या बेतात आहे. अंडे घरात मिळत नसेल तर ती उसात कुठेतरी घालत असेल. फडाची कड शोधून पहा.

उशीर का होतो?

पहिले कारण पोटाचे. दिवसभर उकिरडा उकरून पोट भरले तरी अंगात मांस धरेलच असे नाही. सकाळी सोडताना आणि संध्याकाळी कोंडताना मिळून दर पक्ष्यामागे ३० ते ५० ग्रॅम भरडा द्यावा. मका, ज्वारी किंवा तांदळाची कणी यांत थोडी पेंड मिसळावी. नुसत्या धान्याने चरबी वाढते. अंड्याला प्रथिने लागतात.

दुसरे कारण उजेडाचे. याकडे आपले लक्षच नसते. कोंबडीचे अंडे दिवसाच्या लांबीवर चालते. भरपूर अंड्यांसाठी सुमारे १४ तास उजेड लागतो. आपल्याकडे जूनमध्ये दिवस १३ तासांच्या आसपास असतो, तर डिसेंबरात ११ तासांच्या जवळ येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात निघालेली पिले मार्च-एप्रिलात, वाढत्या दिवसांत वयात येतात. ती वेळेवर लागतात. मे-जूनची पिले ऐन थंडीत वयात येतात आणि रेंगाळतात. अशा तलंगांना खुराड्यात पहाटे एक लहान दिवा लावून उजेड वाढवावा. पहाटेचाच लावावा, रात्री दिवा एकदम गेला तर पाखरे दांडीवर बसायच्या आत अंधारात सापडतात. मात्र अंग भरण्यापूर्वी उजेड वाढवण्याची घाई करू नये. लहान अंगाच्या तलंगेवर लवकर अंड्याचा भार पडला की अंडी बारीक येतात आणि कधी कधी मागचा भाग बाहेर येऊन ती हातची जाते.

तिसरे कारण जंत, उवा-गोचिडी आणि रोग. वयात येण्याआधी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंताचे औषध द्यावे. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लस पहिल्या आठवड्यात (लासोटा) आणि पुन्हा सुमारे आठव्या आठवड्यात (आर टू बी) द्यावी. ही साथ आली की अंड्यांचा प्रश्नच उरत नाही, सारे खुराडे रिकामे होते.

अंडे सुरू होताना

एक अंडे तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात आणि त्यातले सुमारे २० तास नुसत्या कवचाला जातात. कवचात सुमारे २ ग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम, असतो. तो रोज तिने आणायचा कुठून? म्हणून पहिले अंडे दिसताच शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. ज्या पक्ष्याला हवा तो खाईल. त्याआधी महिनोन्‌महिने अंड्यावरच्या कोंबडीचे चुनखडीयुक्त खाद्य तलंगांना घालू नये, मूत्रपिंडावर ताण येतो.

पाणी दिवसभर स्वच्छ व सावलीत हवे. उन्हाळ्यात एक दिवस पाणी चुकले तरी अंडी बसतात. चार-पाच पक्ष्यांमागे सुमारे एक फूट लांब-रुंद असे एक खोके अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवून त्यात कोरडे पाचट घालावे. ओले पाचट बुरशी धरते, ते वापरू नये.

पहिली अंडी लहान असतात, एखादे मऊ कवचाचे, एखादे दोन बलकांचे निघते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. काही आठवड्यांत आकार सुधारतो. खाण्याच्या अंड्यासाठी कोंबडा लागत नाही, पिलांसाठी लागतो. गावठी कोंबडी १२-१५ अंडी घालून खुडूक बसते, तो तिचा स्वभाव आहे, आजार नव्हे.

उसाच्या शेतकऱ्याने विशेष सांभाळावे

कोंबडीला दात नसतात, म्हणून ती बारीक खडे टिपते. उसाला टाकलेले दाणेदार कीटकनाशक तिला खड्यासारखेच दिसते. औषध टाकल्यावर कोंबड्या फडाकडे सोडू नका, दाणे मातीआड करा आणि रिकाम्या पिशव्या परसात ठेवू नका. अशी विषबाधा झालेला पक्षी किंवा त्याची अंडीही घरात खाऊ नयेत. उसाच्या कडेला मुंगूस व रानमांजर असतेच. अंधार पडण्याआधी खुराडे बंद झाले पाहिजे.

हिशेब

गावठी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते. दहा तलंगा राखल्या तर सहाशे-आठशे अंडी. आपल्या गावातील भाव धरून गुणाकार करा आणि बाजारात मिळणाऱ्या एकदाच्या पैशाशी ताडून पहा. उसाचे बिल वर्ष-दीड वर्षाने येते; अंड्याचा पैसा आठवड्याला येतो, बहुतेक घरी तो घरच्या लक्ष्मीच्या हातात राहतो आणि पोरांच्या वह्या-पुस्तकांना उपयोगी पडतो. पोरांच्या ताटात अंडे पडते ते वेगळेच.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : गावठी तलंग सात महिन्यांची होईपर्यंत विकू नका. त्यानंतरही तुरा फिकट, हाडे जुळलेली आणि अंडे नाही, असे दिसले तर ती खुशाल बाजारात न्या. पण आधी हाडे चाचपा, मग पाय बांधा.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग