बेरीज ठळक, तेरीज विस्कळीत

तेरीज दोन पानांची होती. लेझर प्रिंटरमधून ११ पाने बाहेर पडली. मार्चअखेरची संध्याकाळ, पतसंस्थेच्या कार्यालयात लेखापरीक्षक समोर बसलेले, आणि प्रत्येक गटाची बेरीज आपली खाती मागे सोडून पुढच्या कागदाच्या माथ्यावर. तीही ठळक नाहीच. प्रोग्रॅम प्रस्तुत लेखकाचा. त्याने त्यातली एकही ओळ बदलली नव्हती. बदलला होता फक्त प्रिंटर.

कारण सापडायला रात्र गेली. फॉक्सप्रोतल्या त्या प्रोग्रॅममधून बेरजेआधी दोन वर्ण प्रिंटरला जात: एस्केप, म्हणजे आस्की २७, आणि इंग्रजी मोठा ई, म्हणजे ६९. एप्सनच्या डॉट मॅट्रिक्सला यातून ‘ठळक सुरू’ एवढे कळते. २७ आणि ७० पाठवले की ठळक बंद. एचपीच्या पीसीएल भाषेत मात्र तोच एस्केप-ई म्हणजे रीसेट: हातातले पान बाहेर टाक आणि मांडणी मूळपदावर आण. तिथे ठळक अक्षरांचा संकेत पाच वर्णांचा: एस्केप, डावा कंस, छोटा एस, ३ आणि मोठा बी. बंद करताना ३च्या जागी ०.

ही चूक निदान डोळ्यांना दिसते. आकड्यांच्या रांगेत लपणारी चूक जास्त घातक. संकेताचे वर्ण कागदावर उमटत नाहीत, पण प्रोग्रॅम ते मोजतो. रकमेला आधी संकेत जोडून मग ती १२ घरांत उजवीकडे बसवली, तर छापलेली बेरीज दोन घरे डावीकडे सरकते आणि वरून खाली नजर फिरवणाऱ्या हिशेबनिसाची फसगत होते. म्हणून आधी रक्कम घरांत बसवावी, संकेत मागाहून जोडावेत. क्लिपरमध्ये तर त्यानंतर सेटपीआरसीने प्रिंटरची जागाही पूर्ववत करावी लागते.

ठळक बंद करायचे राहिले, तर पुढची अख्खी किर्द जाड छापली जाते. डॉट मॅट्रिक्सवर ठळक अक्षर म्हणजे तेच ठिपके किंचित सरकवून दुसऱ्यांदा ठोकणे, त्यामुळे रिबनही लवकर फिकी पडते. एप्सनवर प्रत्येक अहवालाच्या आरंभी २७ आणि ६४ पाठवले की आधीच्या अहवालाचे उरलेसुरले पुसले जाते. १३२ कॉलमचा मजकूर बारीक अक्षरात छापताना काही जुन्या नऊ पिनांच्या प्रिंटरवर ठळक चालतच नाही. तिथे डबल स्ट्राइक, २७ आणि ७१, कामी येते.

संकेत प्रोग्रॅमच्या पोटात लिहू नयेत, हे त्या रात्री पटले. पहाटेपर्यंत एक छोटी डीबीएफ फाइल तयार झाली: प्रिंटरचे नाव, ठळक सुरू, ठळक बंद, रीसेट. प्रिंटर अनोळखी असेल तर रकाने रिकामे ठेवायचे आणि बेरीज साध्याच अक्षरात, वर-खाली रेघ मारून छापायची.

सकाळी तेरीज दोन पानांत निघाली. लेखापरीक्षकांनी नावे आणि जमेच्या बेरजांवर हिरव्या शाईने खुणा केल्या आणि ताळेबंद मागितला.