तार थंड होते, तरी रोध वाढतो

शहापूर-मुरबाडकडच्या ज्या शाळेत मल्टिमीटर असेल, तिथे हा प्रयोग जरूर करावा. तारेचा जुना १०० वॉटचा दिवा घ्या. थंड असताना त्याचा रोध सुमारे ४० ओहम भरेल. २३० व्होल्टवर पेटलेल्या त्याच दिव्याचा रोध हिशेबाने काढा. ५२९ ओहम येतो. आता १००० वॉटच्या शेगडीची तार मोजा. (प्लग काढलेला आहे, हे गुरुजींनी स्वतः पाहावे.) थंड असताना सुमारे ५०, लालबुंद झाल्यावर, हिशेबाने, ५३. एक तार तेरापट बदलली, दुसरी जेमतेम. असे का?

आपल्या भागात सागाचे रान पुष्कळ. ओळीने लावलेल्या सागातून आरपार दिसते. आपोआप वाढलेल्या रानात नजर लगेच अडते. धातूतला इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो. अणूंच्या ओळी नीट असतील, तर तो फारसा न अडता पुढे जातो. दिव्यातल्या टंगस्टनच्या ओळी नीटनेटक्या, पण उष्णतेने अणू थरथरतात आणि रोध वाढतो. शेगडीची तार बहुधा नायक्रोमची, म्हणजे निकेल व क्रोमियमची सरमिसळ. तिथे मुळातच इतका गोंधळ, की उष्णता आणखी काय बिघडवणार!

याचा अर्थ, धातू थंड करत गेल्यास रोध उतरत जाऊन भेसळीपुरता उरावा. पण १९३४ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे सोन्याच्या तारेचा रोध अतिशीत तापमानाला उतरून पुन्हा चढू लागला! हे कोडे १९६४ मध्ये जपानच्या जुन कोंडो यांनी उलगडले. कारण होते सोन्यातले मूठभर चुंबकी अणू, उदाहरणार्थ लोखंडाचे. असा अणू हा चिमुकला चुंबक, इलेक्ट्रॉनही तसाच. टक्कर झाली, की दोघांच्याही दिशा उलटू शकतात, आणि मागून येणाऱ्या इलेक्ट्रॉनला बदललेला अणू भेटतो. साध्या भेसळीत अशी मागची खूण राहत नाही. तापमान उतरते तसा हा परिणाम बळावतो. अखेरीस इलेक्ट्रॉनच त्या अणूचे चुंबकत्व झाकून टाकतात, तेव्हा कुठे रोधाची चढण थांबते.

काही पदार्थांत अतिशीत तापमानाला रोध पूर्ण नाहीसा होतो. या अतिसंवाहकतेचे चुंबकी अणू तर वैरीच. म्हणून १९९४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांना यिट्रियम, निकेल, बोरॉन व कार्बन यांच्या पदार्थात १२ केल्विनच्या सुमारास ती आढळली, याचे नवल वाटले. निकेल तर चुंबकाला चिकटणारे! पण तिथे त्याच्या अणूंजवळ स्वतःचा चुंबक उरत नाही.

शेगडीच्या थंड तारेलाही चुंबक लावून पाहा. नायक्रोममध्ये निकेल भरपूर असते, तरी ती चिकटणार नाही. चिकटलीच, तर ती लोखंड, क्रोमियम व ॲल्युमिनियमची तार असावी, तीही चालते.