ताकद वाढवणारी डबी : धंद्यात उतरण्यापूर्वी समजून घ्या

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर पाली येते. पुढे मांजरसुंब्याचा घाट सुरू होतो. भरलेली गाडी घाटात दमू लागली की चालकाला इंजिनात आणखी जोर हवासा वाटतो. नेमकी हीच गरज ओळखून बाजारात एक छोटी डबी आली आहे. ती इंजिनाच्या वायरिंगमध्ये जोडली की गाडीची ताकद वाढते, असे विक्रेते सांगतात. अनेक होतकरू मेकॅनिक ही डबी विकावी का, असा विचार करतात. भांडवल घालण्यापूर्वी ती काय करते आणि काय करत नाही, हे नीट पाहू.

ही डबी आली कोठून?

हा शौक मुळात वेगवान मोटारींचा. मराठवाड्याला या मोटारी अगदीच परक्या नाहीत. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जवळच्या शेंद्रा येथे स्कोडा कंपनीचा कारखाना २००१ साली सुरू झाला. २००४ साली या कंपनीने टर्बो पेट्रोल इंजिनाची, सुमारे १५० अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया आरएस भारतात आणली. पुढे पुण्याजवळच्या चाकणमध्ये फोक्सवॅगनची पोलो बनू लागली आणि २०१३ साली तिचे टर्बो पेट्रोलचे जीटी टीएसआय मॉडेल आले. अशा गाड्यांचे शौकीन मालक डबी बसवून आणखी वेग मिळवू लागले. आता तीच डबी बोलेरो आणि स्कॉर्पिओसारख्या डिझेल गाड्यांनाही लावा, असे सांगितले जाते.

ती काम कशी करते?

आजच्या इंजिनाला इंधन किती द्यायचे हे एक छोटा संगणक ठरवतो. त्याला स्वतःला काही दिसत नाही. सेन्सर जे सांगतील तेच तो खरे मानतो. डबी सेन्सर आणि संगणक यांच्यामध्ये बसते आणि खोटी खबर देते.

उदाहरण घ्या. कॉमन रेल डिझेल इंजिनात संगणकाला १२०० बार दाब हवा आहे. डबी खऱ्या दाबापेक्षा १० टक्के कमी आकडा कळवते. संगणकाला वाटते दाब कमी पडला, म्हणून तो दाब वाढवतो. त्याच्या हिशेबी १२०० होतात, पण प्रत्यक्षात १३३३ बार झालेले असतात. इंधनाचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे दाब ११ टक्के वाढला तरी इंधन सुमारे ५ टक्केच जास्त जाते. टर्बो पेट्रोल गाडीत हीच युक्ती हवेच्या दाबाच्या सेन्सरवर केली जाते आणि टर्बो जास्त हवा कोंबतो. ज्या इंजिनाला टर्बो नाही, तिथे जादा हवा भरणारे यंत्रच नसते. म्हणून तिथे फायदा नगण्य असतो.

असली आणि नकली

स्टिअरिंगखालच्या तपासणीच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये खोचायची काही शे रुपयांची वस्तूही याच नावाने विकली जाते. तिच्यापैकी कित्येकांत लुकलुकणारे दिवे आणि ते पेटवणारे साधे सर्किट याखेरीज काही नसते. डिझेल वाचवते, हा तिचा मुख्य दावा. रोज १०० किलोमीटर धावणारी आणि लिटरला १० किलोमीटर देणारी गाडी धरा. १५ टक्के बचत खरी असती तर रोज दीड लिटर डिझेल वाचले असते. लिटरमागे एकेक किलोमीटर वाढावा म्हणून धडपडणाऱ्या कंपन्यांनी एवढी स्वस्त वस्तू कारखान्यातच बसवली नसती का?

किंमत कोण मोजतो?

असली डबी ताकद देते, यात शंका नाही. पण ती ताकद कोठून येते? पोलो जीटीचे इंजिन १७५ न्यूटन-मीटर ओढ देत असे आणि तिचा गिअरबॉक्स २५० पर्यंत झेपवण्याजोगा होता. मधली ७५ ची मोकळीक कंपनीने विसरून सोडलेली नव्हती. कडक ऊन, खराब इंधन, घाट, जास्त वजन आणि गाडीचे वय यांसाठी ती राखीव होती. डबी हीच शिल्लक आगाऊ खर्च करते. मग क्लच घसरतो, टर्बो तापतो, पेट्रोल इंजिनात ठोके पडू लागतात, डिझेल गाडी काळा धूर ओकते. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो तुंबला की खर्च डबीच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त येतो. ब्रेक आणि टायर मात्र होते तेवढ्याच क्षमतेचे राहतात.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने नमूद केलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय कंपनीची वॉरंटी जाण्याचा आणि विमा कंपनीने अपघाताचा दावा नाकारण्याचा धोका असतो. गिऱ्हाईक तेव्हा डबी बनवणाऱ्याकडे जाणार नाही, ती बसवणाऱ्या मेकॅनिकच्याच दारात येईल.

मग धंदा कशात आहे?

घाटात दमणाऱ्या बहुतेक जुन्या गाड्यांना नव्या ताकदीची नव्हे, हरवलेल्या ताकदीची गरज असते. डबीचा विचार करण्याआधी एवढे तपासा :

१) एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर तुंबले आहेत का?
२) टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या नळीला चीर आहे का? शिट्टीसारखा आवाज आणि काळा धूर ही तिची खूण.
३) इंजेक्टर परत पाठवत असलेले डिझेल चारही सिलिंडरांचे सारखे आहे का?
४) क्लच घसरतो का? ब्रेक चिकटून चाक गरम होते का?
५) टायरमध्ये हवा पुरेशी आहे का?

या कामासाठी एक चांगला स्कॅनर, दाबमापक आणि थोडा अभ्यास पुरेसा आहे. कामाआधीचे आणि नंतरचे आकडे गिऱ्हाइकाला दाखवा आणि कागदावर लिहून द्या. बचत झाली की नाही हे पाहण्यासाठी टाकी काठोकाठ भरून आठवडाभर त्याच रस्त्यावर, तेवढ्याच ओझ्याने गाडी चालवायला सांगा. पुन्हा भरताना किती लिटर लागले, ते हिशेब सांगेल.

डबी एकदाच विकली जाते. बरी झालेली गाडी मात्र दर काही महिन्यांनी परत येते आणि येताना शेजाऱ्याची गाडीही घेऊन येते. रस्त्यावरच्या गॅरेजचा टिकाऊ नफा यातच आहे.